यंदा वसतिगृह नाही

राजेश्वर गुरुजींनी सगळ्या पालकांना शाळेत बोलावून घेतलं, तेव्हा बायाबापड्यांची भांडीकुंडी पोत्यात भरून झाली होती. ऊसतोडीला न्यायला ट्रक आज येतो की उद्या, अशी वेळ. गुरुजींनी आधी इकडचंतिकडचं विचारलं, मग खाली बघत सांगून टाकलं, की यंदा हंगामी वसतिगृह सुरू होणार नाही. वरून निधीच आला नाही.

पाटोद्याच्या डोंगरातली ती वाडी दिवाळीनंतर निम्मी रिकामी होई. आईबाप सांगलीकडच्या उसाच्या फडांवर जात आणि लेकरं शाळेतच राहत. महानंदाबाई तिथं दोन्ही वेळच्या भाकरी थापायच्या. रात्री मुली शाळेच्या मोठ्या खोलीत झोपायच्या आणि दाराला आडवं अंथरूण महानंदाबाईंचं असायचं. त्यातल्या तेजश्रीची आई विजयमाला तिकडं पाचटाच्या झोपडीत, कोपीत, पाठ टेकवायची ती त्या आडव्या अंथरुणाच्या भरवशावर.

"कधीपर्यंत येईल निधी?" तिच्या नवऱ्यानं, शहादेवनं विचारलं.

"कपात झालीय म्हणतात. आज येईल, उद्या येईल, नाहीसुद्धा येणार. मी खोटा भरवसा कसा देऊ?" गुरुजी म्हणाले.

त्यांची तेजश्री, घरात तेजू, आठवीत होती. तिला सोबत न्यायचं म्हणजे शाळा गेलीच. शिवाय विजयमालाला तो फड आठवला, जिथं ट्रॅक्टर मागं घेताना पाचटात निजलेलं एका जोडीदारणीचं लेकरू ड्रायव्हरला दिसलं नव्हतं. त्या वर्षापासून तिनं तेजूला कधी तिकडं नेलं नव्हतं. आणि न जाऊन चालणार नव्हतं. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल घरात येऊन खर्चूनही झाली होती.

सासऱ्यानंच तोड काढली. आप्पा सत्तरी ओलांडलेला माणूस, कानानं जरा कमी, पण हिंडताफिरता. "ऱ्हाऊ द्या पोरीला. मी हाय की," ते म्हणाले. शेजारच्या वत्सलाबाईंनीही येताजाता नजर ठेवते म्हणून सांगितलं. ट्रक हलला तेव्हा तेजू आजोबांच्या शेजारी उभी होती आणि हसत होती. विजयमालाला ते हसणं ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं.

फडावर दिवस उजाडायच्या आत कोयता हातात यायचा. अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, आणि पुढं उसाची भिंत. काम तेच होतं, पण यंदा तिचं चित्त जागेवर नसे. एरवी तोडलेल्या उसाची मोळी बांधता बांधता ती बायांशी थट्टा करायची. यंदा कुणी हाक मारली तरी दचकायची. संध्याकाळी कोपीसमोर चूल पेटवायच्या आधी ती फोन लावी. तेजू पहिल्यापहिल्यांदा भरभरून सांगायची. गणिताच्या पेपरात पहिली आले, आप्पांना पिठलं आवडलं, वत्सलाआजीची म्हैस व्याली. मग हळूहळू बोलणं आखडत गेलं. कडी लावतेस का, असं विचारलं की "हां." भीती वाटती का, असं विचारलं की "न्हाई." एकदा म्हणाली, घरामागं पोरं पत्ते खेळत बसतात आणि आप्पा त्यांच्यावर ओरडतात. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, काही नाही.

आणि एका संध्याकाळी ती दबक्या आवाजात बोलली, "आई, आप्पा म्हणत्यात, आता शाळेत जाऊ नको."

"कावून?"

पलीकडून आप्पांच्या खोकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. परत लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. चार्जिंग संपलं असेल, वाडीत लाईट नसेल, असं शहादेव म्हणत राहिला. विजयमालानं शेवटी वत्सलाबाईंच्या नातवाचा नंबर मिळवला. वत्सलाबाई फोनवर आल्या, पण त्यांचं बोलणं धड नव्हतं. "पोर बरी हाय. तू जिवाला घोर लावून घेऊ नको. मंगळवारी पावनं येणार हायेत, तेवढंच," म्हणाल्या आणि मग घाईघाईनं म्हशीचं निमित्त सांगून मोकळ्या झाल्या.

विजयमालानं हे जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. शहादेव कोयत्याला धार लावत होता. त्यानं कसले पाहुणे, हे विचारलं नाही. तो धारच लावत राहिला.

"तुमाला ठावं हाय," ती म्हणाली.

त्यानं कोयता खाली ठेवला. मग थांबत थांबत सांगितलं. आप्पांनी त्याला गपचूप फोन केला होता. गेवराईकडचं स्थळ होतं, मुलगा वाळूच्या टिपरवर ड्रायव्हर होता. आत्ता नुसती सुपारी फोडायची, उन्हाळ्यात लग्न.

"चौदाची हाय ती."

"मला काय हौस हाय का?" शहादेवचा आवाज फाटला. "म्हाताऱ्याला रातभर डोळा लागत न्हाई. दाराशी काठी घिऊन बसतो. उद्या पोरीला काय झालं म्हंजी? आपण इथं, शंभर कोसावर. मला बी सुचंना. वसतिगृह असतं तर ही वेळ आली असती का, तूच सांग."

नवरा खोटं बोलत नव्हता. त्याच्याही चेहऱ्यावर तेच भेव होतं जे तिच्या मनात होतं. फक्त त्या भेवावर त्यानं लग्नाचा उपाय धरला होता.

सोमवारी पहाटे तिनं पिशवी भरली. मुकादम हरिबा कोपीपाशी येऊन उभा राहिला. नवराबायको मिळून एक कोयता, बायको गेली की कोयता मोडला, खाडे धरले जातील, पुढच्या वर्षी आपल्या टोळीत जागा मागायची नाही, असं त्यानं एकेक करून ऐकवलं. ती ऐकत होती आणि पिशवीचं तोंड बांधत होती. शहादेवनं तिला थांबवलं नाही. जा असंही म्हणाला नाही. पण तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला, आणि एसटी येईतोवर मान खाली घालून उभा राहिला.

सांगलीहून सोलापूर, तिथून बार्शी, बार्शीहून जामखेड. बाईमाणसाला अर्धं तिकीट होतं म्हणून जाता तरी आलं. पण गाडी कुठंही थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, की तिच्या जिवाची घालमेल व्हायची. समजा आपण पोचायच्या आत सुपारी फुटली तर? शब्द गेला की आप्पा मागं फिरणार नाहीत, जुन्या चालीचा माणूस. समजा तेजूनंच मान डोलावली असेल तर? आई नाही, शाळा नाही, पोरीनं कुणाकडं बघायचं? फोन ती पुन्हा पुन्हा लावत राहिली, तो लागत नव्हता.

रात्र जामखेडच्या स्टँडवर काढून मंगळवारी सकाळी ती पाटोद्याला उतरली. वाडीची गाडी कुठं लागते विचारलं, तर खिडकीतल्या माणसानं सांगितलं की ती फेरी दिवाळीपासून बंद आहे, गाड्या कमी पडतात. बाहेर एक जीप उभी होती, पण ती भरल्याशिवाय हलेना. विजयमाला थोडा वेळ बसली, मग तिला बसवेना. उतरली आणि घाटाच्या रस्त्यानं पायीच निघाली.

अर्ध्या वाटेत मागून मोटारसायकल आली. राजेश्वर गुरुजी होते, शाळेला निघालेले. तिला बघून ते चपापले. बसा म्हणाले, आणि गाडी चालवता चालवता, मान अर्धी वळवून, सगळं सांगत गेले. तेजू आठवडाभर शाळेत नव्हती. ते घरी जाऊन आले होते, तर आप्पांनी ताप आहे म्हणून दारातूनच परत लावलं. वसतिगृहासाठी त्यांनी कितीदा हेलपाटे घातले होते. गेल्या वर्षीचा किराणा त्यांनी स्वतःच्या शब्दावर उचलला होता, ते पैसेही अजून आले नव्हते, त्यामुळं हल्ली त्या दुकानाच्या गल्लीतून जायचं ते टाळत. घरी मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर अडलेलं. "मी दर महिन्याला पगार घेणारा माणूस. माझी ही गत, तर तुमची काय असेल," ते म्हणाले.

विजयमालानं पाहुण्यांचं सांगितल्यावर त्यांनी गाडीच थांबवली. "मी येऊ का सोबत?"

"नको गुरुजी. घरातलं मी बोलते. पण तुमी शाळेतच ऱ्हावा आज. हाक मारली तर या."

ओट्यासमोर चपला दिसल्या. आत सतरंजीवर मुलाचा बाप, मामा आणि एक पोक्त बाई बसली होती. चहा नुकताच पुढं आला होता. आप्पांनी धुतलेली टोपी घातली होती. सुनेला दारात बघून त्यांच्या हातातली बशी लवंडली.

विजयमाला तशीच आत गेली. अंगावर उसाच्या पात्यांनी फाटलेला शर्ट, पायावर घाटाची धूळ. आतल्या खोलीत तेजू आईचंच जुनं लुगडं नेसून बसली होती, ते तिच्या खांद्यावर थांबत नव्हतं. ती रडत नव्हती. आईला बघून तिनं फक्त पदर सोडला आणि दोन्ही हातांनी तिचा शर्ट धरला. विजयमालानं तिला तसंच क्षणभर धरू दिलं. मग तिचे हात सोडवले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि बाहेर येऊन पाहुण्यांपुढं ठेवलं.

"तुमी आलात, आमचा चहा घेतलात, चांगलं केलं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "पण पोरगी शाळंत हाय. तिचं लगीन आमाला करायचं न्हाई."

मुलाच्या बापानं आप्पांकडं पाहिलं. "म्हाताऱ्यानं शब्द दिलाय आमाला. आमी काय वाट चुकून आलोत व्हय?"

"भ्यालेल्या माणसानं दिलेला शब्द हाय त्यो. त्यास्नी एकट्याला पोर राखायची व्हती. आता मी घरी हाय. राग धरू नका."

मामा उठून काहीबाही बोलू लागला. इज्जत, येण्याजाण्याचा खर्च, बाईनं पुरुषांत बोलणं. विजयमाला उभीच राहिली. शेवटी ती पोक्त बाईच म्हणाली, "चला. पोर लहान हाय, ते मला बी दिसतंय." सुपारी तशीच पुडीत राहिली आणि पाहुणे निघाले.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. सुनेनं आपल्यावर आवाज चढवावा याची ते जणू वाट बघत होते. तिनं चढवला नाही, तेव्हा त्यांनाच राहवलं नाही. "मी कावून केलं, तुला वाटंल. कुत्रं भुकलं तरी मी उठून बसत व्हतो. डोळा लागला अन् कुणी आत शिरलं, तर मला ऐकू येतंय का? लेकरू माझ्या गळ्यात बांधून गेलतात तुमी." विजयमालानं त्यांना बाज ओढून दिली. पडा जरा, म्हणाली. ते पडले ते दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत. जवळ जाऊन तिनं दोनदा त्यांचा श्वास बघितला.

तेजूनं लुगडं सोडून शाळेचा ड्रेस घातला. त्या दिवशी शाळा नव्हती उरली, तरी घातला. "तू परत जाशील?" तिनं विचारलं. "न्हाई," विजयमाला म्हणाली. म्हणताना तिला फडावर एकटा राहिलेला नवरा आठवला.

शहादेवचे बरेच दिवस फोन आले नाहीत. टोळीतल्या एकाकडून कळलं, की आदिनाथ नावाच्या एका गड्याची बायको आजारी पडून गावी गेली होती, त्याच्याशी त्यानं जोडी जमवली होती. मोळ्या बांधायला बाई नाही, त्यामुळं दोघांचं मिळूनही काम कमीच भरत होतं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यानं तेजूचं विचारलं नाही, तिचंही नाही. "आप्पा झोपतात का आता?" एवढंच विचारलं. झोपतात, ती म्हणाली.

ती वाडीतच ज्वारी काढायला, निंदायला रोजानं जाऊ लागली. वत्सलाबाईंची नात तिच्याकडं झोपायला येऊ लागली, मग आणखी दोन पोरी आल्या. त्यांच्याही घरी म्हातारी माणसंच होती. महानंदाबाईंचंही काम बुडालं होतं. त्या संध्याकाळी पदरात पीठ घेऊन यायच्या आणि दोघी मिळून भाकरी थापायच्या. पीठ कधी पुरायचं, कधी नाही. ज्या दिवशी पुरत नसे त्या दिवशी महानंदाबाई आपण जेवून आलोय असं म्हणत, आणि ते खरं नसे.

फाल्गुनात निधी आला. गुरुजींनी वसतिगृह उघडलं, वरचे लोक येऊन फोटोही काढून गेले. चार दिवस झाले नाहीत तोच कारखान्यांचा हंगाम संपला, ट्रक परतले आणि मुलं आपापल्या घरी गेली. तेजू आठवीची परीक्षा देऊन चांगल्या मार्कांनी पास झाली. शहादेव उतरला तो गालफडं बसलेला. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

पावसाळ्यात हरिबा मुकादम पुन्हा दारात आला. मागचं मनावर घेतलं नव्हतं, त्यालाही माणसं कमी पडत होती. शहादेव बायकोकडं बघत राहिला. विजयमालानं गुरुजींना आधीच विचारून ठेवलं होतं. वसतिगृहाचं यंदा काय, ते त्यांनाही अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"ह्यांचं एकट्याचं नाव धरा," ती म्हणाली. "अर्धा कोयता."

अर्ध्या कोयत्याला उचल अर्धीही मिळत नाही, हे हरिबानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे. तो गेल्यावर शहादेव बैल सोडायला गेला. विजयमाला चुलीपाशी बसली, पण तिनं बराच वेळ चूल पेटवली नाही. वर्ष कसं निघणार, याचा हिशेब तिला कोणत्याच बाजूनं जमत नव्हता.