दोघांचं काम

कंपालातल्या त्या कंपनीत नाबुकेरा आणि कवीसी एकाच टेबलाशी बसून मदतीची पानं लिहीत. कंपनीचं सॉफ्टवेअर खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत चालायचं. नर्स कुठे अडली की यांचं पान उघडायची. लिहिता लिहिताच दोघांचं जुळलं. डिसेंबरात कवीसीची माणसं मागणी घालायला नाबुकेराच्या घरी, मसाका गावी, यायची होती.

तेवढ्यात साहेबीण तुम्विनेबाई म्हणाल्या, "पानं लिहायला नवं साधन घ्यायचंय. दोन बघून ठेवलीत. नाबुकेरा, तू वापरून बघ. तू म्हणशील ते घेऊ."

पहिलं जुन्यासारखंच होतं, फोनसाठी वेगळं लिहा, छापायला वेगळं. दुसऱ्यात एकदा लिहिलं की सगळीकडे आपोआप उतरायचं, शिवाय नेट गेलं तरी पान उघडायचं. तिनं ते डोंगरातल्या एका दवाखान्यात पाठवून पाहिलं. तिथली नर्स फोनवर ओरडलीच, "अगं बाई, उघडलं की!"

नाबुकेरा हसली, आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं. या साधनावर दोघांना पुरेल एवढं काम उरतच नव्हतं. आणि कवीसी तिच्यानंतर नोकरीला लागलेला, म्हणजे जाणार तोच.

दुपारी कोपऱ्यावरच्या गाड्यापाशी अंडा-चपाती खाताना तिनं त्याला सगळं सांगितलं.

"मग पहिलंच चांगलं म्हण. कोण बघायला बसलंय?"

"औषधाचा डोस भरताना ती नर्स अडली तर रे?"

"आणि मी अडलो तर? बेकार जावई चालेल तुझ्या बापाला?"

"मी कमावतेय ना. तुला मिळेल दुसरी नोकरी."

"वा! माझी नोकरी घालवून वर मलाच पोसणार!" मग त्याचा आवाज खाली आला. "नाबू, एकदा माझ्यासाठी खोटं बोल."

तिला ते जमलं नाही. तिनं दुसरंच साधन सुचवलं.

महिनाअखेरीला कवीसीला घरी बसवलं. पुढे त्याच्या काकांचा तिच्या आत्याला फोन आला, "मुलगा म्हणतो, जरा थांबू या."

"थांबू या म्हणजे काय ते कळतं मला, पोरी," आत्या म्हणाली आणि तिला जवळ घेऊन बसली.

नाबुकेरानं त्याला कितीदा तरी फोन केले. एकदाच उचलला. "तुझं बरोबरच होतं गं," तो म्हणाला, "पण आता तुझ्यासमोर बसवत नाही मला."

जुनी पानं नव्या साधनात हलवायचं काम तिच्याकडेच आलं. कंपनी सोडून गेलेल्याचं नाव ते साधन लेखक म्हणून घेत नव्हतं. ती एकेक पान उघडायची, कवीसीचं नाव पुसायची आणि तिथे आपलं लिहायची.