शेवंतीच्या काश्या

"जेसीबीवाल्याला अजून एक च्या पाज," रंभाबाईनं लेकाला सांगितलं आणि खुरपं पुन्हा वाफ्यात घातलं. "घाईनं मुळं तुटली तर काय करायचं?"

"आये, त्याला म्हाळुंग्याला जायचंय पुढं," कैलास म्हणाला. पण गेला च्या सांगायला.

लवळ्यात कॉलेजं आल्यापासून त्यानं घराभोवती खोल्याच खोल्या उठवल्या होत्या. आता भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या गाड्या लावायला जागा हवी होती, आणि उरला होता तो शेवंतीचा वाफा. गावठी, पिवळी शेवंती. रंभाबाईच्या सासूनं लावलेली. दर उन्हाळ्यात जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या काश्या मुळांसकट सोडवायच्या, माती झटकायची, पुन्हा लावायच्या. वाफा म्हातारा होत नसे, बाई तेवढी बदलायची. दसऱ्याला गावच्या देवीची पहिली माळ याच वाफ्यातली.

"आत्या, चार कुंडीत लावा की," सून स्नेहल म्हणाली.

"कुंडीतल्या फुलांची माळ देवीच्या गळ्यात जाईल व्हय गं? मनगटाला बांधावी लागंल."

उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून रंभाबाई थेट देवळात गेली. जिची माळ, तिच्याच दारात लावू. देवळाचे कारभारी हैबतराव पायरीवरच बसले होते.

"वहिनी, माती कुटं राह्यलीय आता? चौफेर ग्रॅनाईट घातलंय. देवी लई खूश हाय."

"तुमाला सांगितलं व्हय तिनं?"

"चिखल व्हतो वो. माणसं फोटू काढाया येत्यात."

धाकट्या दिराची जमीन इमारतीखाली गेलेली. शाळेच्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक. ऊन चढलं तसं गोणपाट वाळत चाललं. ओढ्याकाठी उतरली तेव्हा एका काशीची मुळं सुतळीसारखी झाली होती.

ओढ्याकाठी मसणवट. काळी, ओलसर माती. गावानं सगळं विकलं, एवढी जागा तेवढी कुणी मागितली नव्हती.

रंभाबाई बराच वेळ उभी राहिली. मसणातलं फूल देवाला चालत नाही, घरातही नेत नाहीत. इथं लावली तर जगेल, पण माळ गेली. तिनं गोणपाट उघडून मुळं पाहिली. मग सरणाच्या शेडच्या कडेला बसली आणि खुरप्यानं माती उकरली.

दसऱ्याला कैलासनं पुण्याच्या बाजारातून जाडजूड माळ आणली. "बघ आये, आपल्या घरचा मान चुकू दिला न्हाई."

"बरं केलंस," रंभाबाई म्हणाली. माळेला वास नव्हता.

संध्याकाळी कैलास तिला शोधत गाडीवरून ओढ्याकाठी आला. शेडच्या कडेनं पिवळंधमक झालं होतं. एकाही फुलाला कुणी हात लावला नव्हता. म्हातारी सुकलेली पानं खुडत बसली होती.

"आये, सणासुदीचं हितं काय करतीस? मानसं काय म्हनतील?"

"हितली मानसं काय म्हनत न्हाईत." तिनं गुडघ्यावर हात टेकून उठता उठता सांगितलं, "माझ्या टायमाला बाजारातनं फुलं आणू नगंस."

कैलासनं गाडी चालू केली.

स्नेहल दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मसणातून आलेल्या माणसानं हातपाय धुऊनच आत यायचं. रंभाबाईनं हात एकदा नाकाशी नेले, मग धुतले. पाणी वाफ्याच्या जागेवरून, ब्लॉकांवरून, तसंच सरळ गटाराकडं गेलं. मुरायला कुठं जागाच नव्हती.