पितळी डबीच्या पोटातले साल

माझ्या झाकणातली फट नखाएवढी रुंद आहे आणि ती किंचित तिरपी आहे. मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. या फटीपायी आज मी कोल्हापूरच्या कोर्टात टेबलावर आहे आणि माझ्या शेजारी करवत ठेवली आहे.

मला ख्वाजा कारागिरांनी १९६४ साली घडवले. गगनबावड्याच्या दवाखान्यात लघवीतली साखर तपासायच्या कागदी पट्ट्या दमट हवेने खराब होत. म्हणून त्यांनी मला दुहेरी भिंती दिल्या. तिरप्या फटीतून एका वेळी एकच पट्टी निघे. दोन भिंतींच्या मध्ये, आतल्या भिंतीवर, घडवल्याचे साल कोरून त्यांनी भिंती डाख देऊन कायमच्या बंद केल्या आणि तेच साल बाहेरही कोरले. ही त्यांची रीतच होती. डॉक्टर माझे फार कौतुक करीत.

दवाखान्यातल्या चिमणाबाई दर खंडेनवमीला मला चिंचेने लख्ख घासून पूजेत मांडीत. त्या घासण्याने बाहेरचे साल पुसले गेले.

ख्वाजा वारल्यावर त्यांची मुलगी रशिदा तशाच डब्या पत्र्याच्या करू लागली. तेव्हा एका कंपनीने दावा लावला, की तिरप्या फटीच्या डबीचे पेटंट १९७३ पासून आमचे आहे, हिचा कारखाना बंद करा.

रशिदाचे वकील हंबीरराव कंपनीच्या वकिलाला म्हणाले, "बाईंच्या पत्र्याच्या डब्या धरायच्या तर तुमचं पेटंट सगळ्याच डब्यांना लागू. ही जुनी पितळी डबी दाखवली, की पेटंट फक्त तुमच्या प्लास्टिकच्या डब्यांचं! एकदा काय ते ठरवा की."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. "डबी पेटंटच्या आधीची असेल तर दावा टिकत नाही. पण आधीची कशावरून?"

"साल व्हतं की सायेब," साक्षीला आलेल्या चिमणाबाई म्हणाल्या. "म्याच घासलं. सणाला देवाम्होरं मळकी डबी ठिऊ व्हय?"

मित्रांनो, साल माझ्या पोटात आहे आणि मला बोलता येत नाही. ते दाखवायचे तर मला चिरावे लागेल. चिरलेली भिंत पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

रशिदा तारखेमागून तारीख टाळत आली. "अब्बांच्या हातचं एवढंच उरलंय, वकीलसाब. ते आतबी साल कोरायचे, पण हिच्यात विसरले असले तर?"

आज शेवटची तारीख आहे. कोर्टाने बोलावलेल्या कारागिराने मला चिमट्यात धरले आहे. करवतीचे दाते थंड आहेत. आताच सांगून ठेवते, जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्यांच्या अंगावरच्या खुणा घासून टाकू नका.

"बाई, काय ठरलं?" न्यायाधीशांनी विचारले.

रशिदाने बोटाने माझी फट एकदा चाचपली.

"कापा," ती म्हणाली.