खुंटीला टांगलेलं घर

मी एक जुनी खुंटी आहे. बालवाडीच्या दारामागच्या भिंतीवर, शेवटून दुसरी. मित्रांनो, माझ्याकडे कुणी निरखून बघत नाही, म्हणून आधीच सांगते, माझ्यावर बदकाचं चित्र आहे.

एका मोडक्या खुर्चीच्या पायातून सुतारानं मला घडवलं. कामाला लागले तेव्हा काय ऐट होती माझी! टोप्या, दप्तरं, एकदा तर एका पोराची ओली चड्डी, सगळं मी निमूट सांभाळलं. पाहुणे म्हणायचे, "किती गोड बदक!" खुंटीचं कौतुक कुणी केलं नाही. असो.

पुढे माझा स्क्रू ढिला झाला. झाडताना मावशी रोज म्हणायची, "ही खुंटी हलतेय बरं का." मोठ्या बाई म्हणायच्या, "बघू." नुसतं बघून कधी स्क्रू बसतो का? पण माझं ऐकतंय कोण.

त्याच सुमारास ती चिमुरडी आली. प्रत्येक मुलाला एकेका चित्राची खुंटी मिळते, तशी तिला मी मिळाले, म्हणून मावशी तिला बदकवाली म्हणायची. तिच्या आईनं खांद्यावरची भली मोठी पिशवी माझ्यावर अडकवली आणि ती कामाला पळाली. पिशवीत पातेलं, पांघरुणं, ओला टॉवेल, काय नव्हतं! मी अगदी मेटाकुटीला आले.

शिकवणारी ताई हसत म्हणाली, "काय गं, अख्खं घर भरून आणलंस की काय?"

"हो," बदकवाली म्हणाली.

मुलं खो खो हसली. ताईचं हसू मात्र तिथंच विरलं.

संध्याकाळी ताईनं आईला बाजूला घेऊन विचारलं. आई म्हणाली, "आमची खोली गेली हो, ताई. रात्री निवाऱ्यात झोपतो, पण सकाळी सामानासकट बाहेर पडावं लागतं. आत्ताच कपडे धुण्याच्या दुकानात काम लागलंय. तिथं पिशवी चालत नाही. काम टिकलं तर खोली बघता येईल."

म्हणजे एका बाईचं काम आणि एका पोरीचं घर माझ्या ढिल्या स्क्रूवर लटकत होतं. ताईनं मोठ्या बाईंना विनवलं, "खुंटी पक्की करून घ्या, नाहीतर पिशवी कपाटात तरी ठेवू द्या." मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. "बघू," म्हणाल्या.

मी भिंत धरून ठेवली हो, जमेल तेवढी. एका दुपारी निसटलेच. पातेलं दाणकन आपटलं, पांघरुणं विखुरली. बदकवाली रडली नाही. "पातेलं खाली, टॉवेल वर," असं पुटपुटत तिनं सगळं पुन्हा भरलं. किती वेळा भरलं असेल तिनं ते!

संध्याकाळी मोठ्या बाईंनी दारातच आईला अडवलं. "एका मुलाला एकच छोटी पिशवी, असा नियम आहे. उद्यापासून ही आणू नका." ताई मध्ये पडली, पण तिचं काही चाललं नाही. आईनं मान हलवली, पिशवी उचलली आणि लेकीचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी बदकवाली आली नाही. सुतार मात्र आला. चांगले लांब स्क्रू घेऊन आला. अस्सा राग आला मला!

ताई त्या दुकानात जाऊन आली. आई पिशवी घेऊन कामावर गेली, म्हणून तिला परत पाठवलं होतं. निवाऱ्यातही त्या दोघी नव्हत्या. ताई अजून विचारत फिरते. मावशीनं माझ्यावर दुसऱ्या मुलाचं दप्तर अडकवलं, तर ताईनं ते काढून शेजारी लावलं.

मित्रांनो, कुणाची पिशवी मोठी दिसली तर हसू नका, आधी विचारा. आणि तुमच्या मोठ्या माणसांना एवढंच सांगा. माणसं म्हणे अभ्यास खुंटीला टांगतात, दिलेला शब्द खुंटीला टांगतात. तो एक नियम तेवढा माझ्यावर टांगला असता, तर मी हलत असले तरी तो नक्की पेलला असता.