अगं, ऐकलंस का?

"तुम्ही दाराबाहेर उभे राहा आणि मला हाक मारा," असं नवऱ्याला बजावून बाई दुकानामागच्या कोठीत शिरल्या. हातात वाजता स्पीकर होता. दार आतून लावलं गेलं.

नवऱ्यानं दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदारानं छताकडे पाहिलं.

"अगं, ऐकलंस का?" नवरा हळूच म्हणाला.

दार उघडलं. "ऐकलं. दुसरा दाखवा."

दुकानदार बिचारा मघापासून एकच सांगत होता, की हा बादलीत बुडवला तरी वाजतो.

"पाण्याचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "पाण्यानं मला आंघोळीत कधी त्रास दिलेला नाही."

"बरं, गाणी कुठली ऐकता?"

"मोठ्यानं वाजणारी."

बाई पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीत बसत. नळ कोरडा पडला की अख्खं गाव त्या खिडकीत तोंड घालून ओरडे. संध्याकाळी घरी आल्या की खिडकी तेवढी बदले. उरली होती ती सकाळची आंघोळ. पण बाईंनी कडी लावली की घरातल्या प्रत्येकाची काही ना काही वस्तू हरवे. बाईंनी लवकर उठून पाहिलं, तर घरही लवकर उठू लागलं. रागावून पाहिलं, तर "बरं नाही का वाटत?" हेही दाराबाहेरूनच विचारलं गेलं.

दुसरा स्पीकर घेऊन त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"अहो, हे काय पाहुण्यासारखं? घरी मारता तशी हाक मारा."

"चारचौघांत?"

"टॉवेल कुठंय ते विचारा. म्हणजे आपोआप जमेल."

आणि खरंच जमलं. "अगं ए, टॉवेल कुठंय?" अशी आरोळी उठली की मिक्सर बघायला आलेल्या एका गृहस्थांनी दचकून इकडेतिकडे टॉवेल शोधला. बाईंनी आतूनच निकाल दिला, "ऐकू आलं. पुढचा!"

तिसरा स्पीकर नारळाएवढा होता. नवरा आता रंगात आला होता. त्यानं टॉवेल विचारला, वस्तरा विचारला, विजेचं बिल विचारलं. दार हलेना. दुकानदाराचा चेहरा उतरला. "साहेब, आत काही झालं तर नसेल ना?"

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. चेहरा झोप पुरी झालेल्या माणसासारखा.

"काही म्हणालात?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. मग दुकानदाराकडे वळून, "हाच द्या."

रस्त्यात नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे हा माझ्यासाठी होता होय?"

"तुमच्यासाठी, सासूबाईंसाठी, लेकीसाठी. तिघांत मिळून एकच घेतला."

"आणि घराला आग लागली तर?"

"विझवा. स्वयंपाकघरातही नळ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी लागली आणि न्हाणीघरातून बँड सुरू झाला. ढोल, पिपाण्या, सगळा सरंजाम.

"सूनबाई, माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यास?" सासूबाईंनी दारावर थाप मारली. ढोलानं उत्तर दिलं.

"आई, माझा निळा सदरा?" लेक ओरडली. मग नवऱ्यानं आपली दुकानात पारखून घेतलेली हाक लावली. आत पिपाण्या आणखी चढल्या.

तिघं एकमेकांकडे पाहू लागले.

"मग तू सांग," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "घर तुझंच ना?"

घर त्याचंच होतं. हप्ते त्यानंच फेडले होते. तो भीत भीत एकेक कपाट उघडू लागला, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा. पहिल्यात चादरी निघाल्या, दुसऱ्यात त्याचीच लग्नातली टोपी. गोळ्या तिसऱ्यात होत्या, एका डबीत वाराप्रमाणे लावून ठेवलेल्या. तो क्षणभर त्या डबीकडे बघत राहिला. "सापडल्या," असं न्हाणीघराच्या दाराला सांगायला गेला आणि न बोलताच परत फिरला.

आत बाई स्टुलावर बसल्या होत्या, पाय लांब करून, पाठ भिंतीला टेकून. अंगावर घरातलेच कपडे, खांद्यावर टॉवेल. मध्येच कुणी हाक मारल्यासारखं वाटलं. हात सवयीनं स्पीकरच्या बटणाकडे गेला, थांबला, आणि पुन्हा मांडीवर आला. त्यांनी डोळे मिटले.

नळ त्यांनी अजून उघडलाच नव्हता.