पकड नव्हतीच

"पाड! पाड तिचे दात!" जमाव कोकलत होता. काकांनी माझे केस धरले, चंदेरी पकड तोंडाजवळ आणली आणि मी ओरडले, "थांबा! पकड नव्हतीच मुळी!"

तालीम थांबली.

दातदुखीवर जिला साकडं घालतात त्या संत अपोलोनियाच्या सणाला चर्चच्या हॉलमध्ये दरवर्षी तिचंच हे नाटक. सुंदर राजकन्या, दुष्ट जल्लाद. जल्लाद म्हणजे काका, माझ्या मावशीचे मिस्टर. लोक हसून हसून लोळतात. यंदा राजकन्या मी! पण मी सगळं वाचून आले होते ना.

"फादर, राजकन्या वगैरे थापा आहेत. त्या काळच्या बिशपनंच लिहून ठेवलंय, ती म्हातारी होती. जमावानं तोंडावर मारून मारून दात पाडले. पकड नंतर चित्रकारांनी घुसडली."

"आली शहाणी!" काका म्हणाले. "आता म्हातारी कुठून आणू?"

"मावशी करेल की!"

मावशी शिवणकाम करते. कोपऱ्यात माझाच झगा शिवत होती. महिनाभर ती आमच्याकडेच आहे. तिला पुढच्या दातांची कवळी आहे. बाथरूममध्ये पाय घसरला, असं काका सांगतात. आईला ते पटलंय. "एवढा हसरा माणूस! सण झाला की मुकाट घरी जा," असं तिनं सकाळीच मावशीला बजावलं होतं.

मावशीनं सुई झग्यात खोचली आणि स्टेजवर आली.

"नुसतं दाखवायचं हं," फादर म्हणाले.

काकांनी मूठ वळली, इतकंच. मावशीचा हात आधीच गालावर होता. पहिल्या रांगेत बडबडणारी आई उठून उभी राहिली.

"हात काढ," काका दबक्या आवाजात म्हणाले. "नाटक आहे."

मावशीनं हात खाली घेतला. "आणि बाथरूम? तेही नाटकच ना?"

पहिला ठोसा ओठावर बसला, दुसरा नाकावर. कवळी घरंगळत माझ्या पायाशी आली. तिसऱ्याला खोट्या जमावातल्या चौघांनी काकांना खरंखरं आवळलं.

"चुकून लागलं हो, चुकून!" काका हसले. कुणीच हसलं नाही. आई स्टेजवर चढून दोघांच्या मधे उभी राहिली होती.

मी कवळी पुसून दिली. मावशीनं ती तोंडात घातली नाही, खिशात टाकली. हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"फादर," ती बोळक्या तोंडानं म्हणाली, "पुढचं वाक्य कोणाचं?"