किडेबाई आणि बिनशिंगी नर

संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या संशोधिकेला सगळे किडेबाई म्हणत. तोंडावर नाही; तोंडावर 'मॅडम'. शेणकिडे हा त्यांचा विषय. माणसाने कशात डोकं घालावं याला काही धरबंध राहिलेला नाही, असं त्यांच्या सासूबाईंचं मत होतं आणि ते त्या सुनेला येताजाता ऐकवत.

त्या वर्षी किडेबाईंच्या हाती घबाड लागलं. कुरणातून आणि टेकडीवरच्या जंगलातून आणलेल्या शेणकिड्यांत एक छोटा, काळा, गुळगुळीत डोक्याचा किडा कुरणात पुन्हा पुन्हा सापडत होता. त्याच्यासोबत आणि टेकडीवरही सापडणारा मोठा किडा जुन्या ओळखीचा. डोक्यावर मागे वळलेली दोन ऐटबाज शिंगं असल्यामुळे त्याला कुणीही ओळखावं. छोट्याला मात्र शिंगांचा मागमूस नाही आणि कुठल्याच पुस्तकात त्याचं वर्णनही नाही. विभागप्रमुखांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "नवी प्रजाती दिसतेय. लिहून टाका. रेंगाळलात तर दुसरा कुणी नाव देऊन मोकळा होईल."

किडेबाई लिहायला बसल्या. पायांवरचे दाते, पाठीवरच्या रेषा, मिशांची टोकं. पण लिहिता लिहिता काहीतरी खटकायला लागलं. शिंगं वगळली तर वर्णन हुबेहूब मोठ्या किड्याचं उतरत होतं. शिवाय हे छोटे झाडून सगळे नर. मग यांच्या बायका गेल्या कुठे?

मेलेल्या किड्यांना विचारून उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी जिवंत किडे पाळायचं ठरवलं. संग्रहालयात जिवंत किड्याला बंदी. मग एका रविवारी घराच्या मागच्या गॅलरीत दोन उभ्या काचांमध्ये माती भरली गेली आणि वर तबेल्यातून आणलेली लीद पसरली गेली.

"एवढंच राहिलं होतं!" सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला. "लोकांच्या सुना फुलझाडं लावतात."

"थोडेच दिवस, आई. वास येणार नाही."

वास आला. पण सासूबाईंचा तक्रारीचा सूर हळूहळू उतरत गेला. सून कामावर गेली की त्या काचेवर अंधारासाठी टाकलेलं काळं कापड जरासं उचलून बघत. मग बघायला स्टूल आलं, स्टुलाजवळ चष्मा आला. मोठा नर बोगद्याच्या तोंडाशी शिंगं रोखून उभा राहतो आणि मादी खाली लिदीचे गोळे दाबून ठेवते, हे त्यांनीच एकदा जेवताना मुलाला समजावून सांगितलं. मुलाने, म्हणजे किडेबाईंच्या नवऱ्याने, ताट उचललं आणि तो दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला.

एका संध्याकाळी गॅलरीतून हाक आली. "अगं, लवकर ये! हा मेला भिंतीतून शिरतोय!"

किडेबाई धावल्या. छोट्या बिनशिंग्याला मोठ्याने दारातून हुसकलं होतं. त्याने भांडण काढलं नाही. तो बाजूला सरकला आणि आडवी माती उकरत थेट मादीजवळ पोहोचला. वर पहारेकरी आपला शिंगं रोखून उभाच.

"आणि ती बया काही म्हणतही नाही!" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे हा यांच्यातलाच की गं!"

"तसंच दिसतंय. पण नुसत्या दिसण्यावर भागत नाही. मला त्यांच्या पोटात बघावं लागेल."

"पोटात काय असतं?"

किडेबाईंनी सांगितलं. नराचा प्रजननाचा अवयव कडक नळीसारखा असतो आणि बहुतेक वेळा प्रत्येक प्रजातीत त्याचा आकार वेगळा. डोक्यावरचं शिंग फसवू शकतं, ही नळी सहसा फसवत नाही. सासूबाईंनी आधी कानांवर हात ठेवले, मग एक हात काढून म्हणाल्या, "निघाला आकार की मला सांग."

दुसऱ्या दिवशी किडेबाईंनी वाळलेले किडे कोमट पाण्यात भिजवले आणि बारीक चिमट्याने नळ्या बाहेर काढल्या. छोट्याची आणि कुरणातल्या मोठ्याची नळी तंतोतंत सारखी. हातातोंडाशी आलेली प्रजाती गेली. बिनशिंग्याचं लिहिलेलं वर्णन त्यांनी बाजूला ठेवलं. मग, हातासरशी होऊन जाईल म्हणून, संग्रहालयाच्या जुन्या खोक्यातल्या, टेकडीवरच्या शिंगवाल्याचीही नळी काढली.

तिचं टोक आकडीसारखं वळलेलं होतं.

काढताना वाकलं असेल. दुसरा किडा घेतला. आकडी. तिसरा. आकडी. टेकडीवरचे सगळे आकडीवाले, कुरणातले सगळे सरळ. बाहेरून दोघांची शिंगं सारखी, म्हणून इतकी वर्षं एकाच नावाखाली, एकाच खोक्यात, शेजारी शेजारी टोचलेले.

विभागप्रमुख चहा घ्यायला निघाले होते, त्यांना किडेबाईंनी दारातच गाठलं. "सर, बिनशिंग्या गेला. पण हे बघा."

विभागप्रमुखांनी आत येऊन बराच वेळ डोळा भिंगावरून हलवला नाही. मग टाचणीखालची चिठ्ठी वाचली. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा हे खोकं मीच लावलं होतं. शिंगं बघितली आणि पुढे गेलो." आणि ते हसले, अगदी मनापासून. "दोन्ही टोकांचं चित्र काढा. मोठं काढा."

जुनं नाव दोघांतल्या कुणाचं, हे ठरवायला ज्या किड्यावरून ते मुळात दिलं होतं तो दूरच्या संग्रहालयातून तपासून घ्यावा लागला. तो सरळ नळीचा निघाला. नव्या नावाचा मान टेकडीवाल्याला मिळाला आणि ज्या किड्यावरून ते दिलं त्याच्या टाचणीला तशी खूण म्हणून लाल चिठ्ठी लागली.

लेख छापून आला तेव्हा सासूबाईंनी चित्रं निरखली. "या टेकडीवाल्यांतही भिंतीतून शिरणारे आहेत का गं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? मग एवढं छापलंय काय?"

"रंगरूप. ते जगतात कसे, हे अजून कुणीच पाहिलेलं नाही, आई."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. पुढच्या सुट्टीला दोघी टेकडी चढल्या. अर्ध्या वाटेवर हरणांच्या ताज्या लेंड्या पडलेल्या दिसल्या आणि त्यांच्या कडेला उकरलेल्या ओल्या मातीचा छोटासा ढीग. सासूबाई गुडघे धरत खाली बसल्या, सुनेच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "सरक, तुझी सावली पडतेय."